कोल्हापूरजवळ चढ-उताराशिवाय दिवसभर शांतपणे चालता येईल अशी वाट कोणती?

इंग्लंडमधील जुन्या कालव्यांच्या काठाने असतात तशा सपाट, निवांत वाटा कोल्हापूरच्या आसपास आहेत का, असे आपण विचारले आहे. तिकडच्या वाटा नावा ओढणाऱ्या घोड्यांसाठी केलेल्या होत्या. आपल्याकडचे कालवे शेतीच्या पाण्यासाठी खोदलेले आहेत, तरी देखभालीसाठी त्यांच्या काठाने ठेवलेला मुरमाचा रस्ता चालणाऱ्याला तेच सुख देतो. रंकाळ्याची फेरी मलाही प्रिय आहे, पण तेथे एकांत मिळत नाही. म्हणून मी काळम्मावाडी धरणातून निघणारे दूधगंगेचे कालवे सुचवेन.

पाणी केवळ उताराने वाहत राहावे म्हणून कालवा डोंगराच्या कडेकडेने, जवळजवळ एकाच पातळीत नेलेला असतो. त्यामुळे समोर दिसणारे गाव सरळ गाठता येत नाही. वाट प्रत्येक घळीत शिरते, वळसा घालून पुन्हा बाहेर येते, आणि कितीतरी वेळ चालूनही दम लागत नाही. वरच्या अंगाला कुसळी गवताचा माळ आणि खालच्या अंगाला हिरवागार ऊस, असे दोन वेगळे मुलूख दिवसभर आपल्या दोन्ही हातांना राहतात.

एखादा शेतकरी दारे धरताना दिसला, तर थोडे थांबावे. तो खोऱ्याने मातीचा बांध बाजूला करतो, पाणी सरीत शिरते, त्याच्या पुढे पालापाचोळा आणि फेस सरकत जातो, भेगांमधून बुडबुडे येतात, आणि पाणी टोकाला पोचले की तो तीच माती ओढून दार बुजवतो व पुढची सरी उघडतो. हे काम पाहताना माझा वेळ कसा जातो ते मला कळत नाही.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. मात्र पाणी आवर्तनाने सुटते, त्यामुळे कालवा वाहता हवा असेल तर गावात आधी चौकशी करावी. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या याच रस्त्याने येतात, त्यांना वाट द्यावी. अस्तरीकरण केलेले काठ शेवाळाने निसरडे होतात आणि आत पडलेल्या माणसाला धरायला काही सापडत नाही, म्हणून पाय धुण्यासाठीसुद्धा कडेला उतरू नये. उंच वाढलेल्या गवतातून जाताना हातात काठी असावी.