वालुकाश्म आणि चुनखडक दोन्ही गाळाचे खडक आहेत, मग त्यांच्यात नेमका फरक काय?

मूळ फरक कच्च्या मालाचा: वालुकाश्म जुन्या खडकांच्या झिजेतून सुटलेल्या कणांचा बनतो, तर चुनखडक बहुतांशी सागरी जीवांच्या कवचांतून आणि प्रवाळांतून साठलेल्या कॅल्शियम कार्बोनेटचा. वाळूचे कण (साधारण ०.०६ ते २ मिलिमीटर) नदी, वारा किंवा लाटा वाहून आणतात. वाटेत मऊ खनिजं झिजून, कुजून जातात आणि चिवट क्वार्ट्झ (गारगोटीचं कठीण खनिज) तेवढं टिकतं. पुढे भूजलातून आलेलं सिलिका, कॅल्साइट (कॅल्शियम कार्बोनेटचं खनिज) किंवा लोहाचं ऑक्साइड या कणांना सांधतं; वालुकाश्माचा लालसर रंग बहुधा या लोहाचाच. चुनखडकाचा माल सहसा फार दुरून येत नाही. उबदार, उथळ आणि वाळू-चिखल कमी असलेल्या समुद्रात तो जवळपास जागेवरच साचतो, म्हणून त्यात जीवाश्मही जास्त मिळतात.

हातात नमुना असेल तर:

- पोलादी चाकूने चुनखडकावर सहज ओरखडा उठतो (खनिजांच्या कठीणतेच्या १ ते १० या मोह्स मापावर कॅल्साइट ३, क्वार्ट्झ ७). वालुकाश्मातून फार तर कण सुटून येतात.
- सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की चुनखडक लगेच फसफसतो.

फक्त आम्लावर मात्र निकाल देऊ नका. कॅल्साइटने सांधलेला वालुकाश्मसुद्धा फसफसतो, आणि पुस्तकातली सोपी चाचणी इथेच फसवते. अशा वेळी भिंगातून पाहा: काचेसारखे चमकणारे गोलसर कण दिसले, तर तो वालुकाश्मच.