‘वाचताना सगळं येतंय, पेपरात कायच आठवंना’

अभ्यासात अडलेली मुलं सांगलीतल्या माझ्या खोलीत सल्ल्याला येतात, आणि परीक्षा जवळ आल्या की तिथं हे वाक्य हमखास ऐकू येतं. मागच्या दिवाळीआधी तासगाव तालुक्यातली एक मुलगी आईसोबत आली होती (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत). बीएस्सीचं दुसरं वर्ष, विषय रसायनशास्त्र. आई म्हणाली, “पोरगी रात्री दोन-दोनपर्यंत जागती ओ मॅडम, आळशी न्हाई.” ते पुस्तक बघूनच कळत होतं. पानंच्या पानं पिवळ्या हायलायटरनं रंगलेली.

मी एक पान उघडून दिलं. एसएन वन आणि एसएन टू या सेंद्रिय रसायनातल्या दोन अभिक्रियांतला फरक. तिनं ते दोनदा वाचलं. मग मी पुस्तक मिटलं आणि म्हटलं, “आता मला समजावून सांग.” एक वाक्य आलं, मग नुसती चुळबुळ. “आत्ता तर येत होतं,” असं म्हणताना तिचे डोळे भरले.

तिची गफलत इथंच होती, आणि ती खूप जणांची होते. पाचव्यांदा वाचलं की मजकूर ओळखीचा वाटतो आणि ती ओळख आपण आठवण समजून बसतो. परीक्षेत मात्र समोर कोरा कागद असतो. 2006 मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी हे विद्यार्थ्यांवर तपासलं. एका गटानं उतारा चार बैठकांत वाचला, दुसऱ्यानं एकाच बैठकीत वाचून तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्यानं त्यांना सुमारे 40 टक्के आठवलं, तर आठवून लिहिणाऱ्यांना 61 टक्के.

पहिल्या भेटीत मी तिला पहाटे पाचचं वेळापत्रक दिलं, ती माझी चूक. घरी द्राक्षबागेची ऑक्टोबर छाटणी सुरू होती, पहाटे मजुरांचा चहा, मग एसटी. चार दिवसांत वेळापत्रक कोलमडलं आणि आपल्यात काहीतरी कमी आहे असं तिला वाटू लागलं. मग आम्ही तिच्या दिवसातच जागा शोधली. कॉलेजला जाता-येता एक-एक तासाची एसटी होती. तिथं पुस्तक उघडायचं नाही, कालचं मनात मांडायचं. संध्याकाळी कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं लिहायचं, मग पुस्तक उघडून सुटलेलं लाल पेनानं भरायचं. तोच भाग दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्यानं पुन्हा. रविवारी विद्यापीठाची जुनी प्रश्नपत्रिका, घड्याळ लावून. आणि अकराला झोप. वाचलेलं पक्कं व्हायला झोप लागतेच, यावर मी जराही मागे हटले नाही.

आठवड्यानं तिचा रडवेला फोन आला. “मॅडम, आधी निदान अभ्यास केल्यासारखं तरी वाटायचं. आता नुसतं लालच लाल दिसतंय.” पुष्कळ मुलं याच टप्प्यावर सोडून देतात, म्हणून हा फोन मला महत्त्वाचा वाटतो. आठवताना अडखळणं म्हणजे अपयश, असं तिनं धरलं होतं. मी म्हटलं, हे लाल आत्ता कागदावर दिसतंय, पूर्वी ते पेपर सुरू झाल्यावर कळायचं. दोन आठवडे मला दे.

तिनं दिले. मध्येच स्वतःची एक युक्तीही काढली. रात्री भाकरी करताना ती आईला धडा सांगू लागली. आई सातवी शिकलेली. कार्बोकॅटायन म्हणजे काय हे आईला कळेना, आणि ती प्रत्येक वाक्याला “म्हंजे?” विचारायची. त्या “म्हंजे?”चं उत्तर शोधताना आपल्याला नेमकं काय येत नाही हे तिला समजलं.

निकाल काही चमत्कार नव्हता. सेंद्रिय रसायन चांगलं सुटलं, गणितात जेमतेम निभावलं, कारण गणिताचे कागद उशिरा सुरू केले होते. परवा ती फाईल घेऊन आली. वरचं पान गणिताचं होतं, सत्र सुरू होऊन जेमतेम आठवडा झाला होता, आणि त्यावर लाल शाई भरपूर होती.