आधी स्नायू की मेंदू ते ठरव, देश नंतर

अनघा, तुझा निरोप वाचला. नाशिकच्या केटीएचएम कॉलेजमधून एम.एस्सी. झालीस, स्नायू आणि मेंदूतल्या जनुकांवरच्या एपिजेनेटिक नियंत्रणात, म्हणजे डीएनएची अक्षरं न बदलता जनुकं चालू-बंद होण्यात, पीएच.डी. करायची आहे, आणि जर्मनीत यावं की इंग्लंडला जावं असं विचारतेस. मी गंगापूर रोडवरून उठून गॉटिंगनला आलो, तेव्हा माझा कल सांगायला नको. पण देशाआधी ऊती ठरव. पुढची तीन-चार वर्षं कशी जाणार ते त्यावर आहे.

स्नायूवाल्यांची मोठी सोय म्हणजे पेशी डिशमध्ये वाढतात. उंदराच्या सी-टू-सी-ट्वेल्व्ह या स्नायू बनू शकणाऱ्या पेशींचं सीरम, म्हणजे त्यांना वाढवणारा रक्तातला द्रव, कमी केलं की काही दिवसांत त्या एकमेकींत मिसळून लांबलचक तंतू होतात, आणि वाटेतल्या हव्या त्या टप्प्यावर क्रोमॅटिन, म्हणजे प्रथिनांभोवती गुंडाळलेला डीएनए, तपासता येतं. या विषयाचा पायाही अशाच पेशींवर घातला गेला. १९७९ मध्ये टेलर आणि जोन्स यांनी उंदराच्या फायब्रोब्लास्टसारख्या (जोडऊतीतल्या) पेशींना ५-अझासायटिडीन दिलं. हे रसायन डीएनएचं मिथाइलेशन, म्हणजे त्यावर जनुकं सहसा बंद ठेवणारे मिथाइल गट बसणं, होऊ देत नाही. त्यातल्या काही पेशी चक्क स्नायू झाल्या! १९८७ मध्ये हॅरॉल्ड वाइन्ट्रॉब यांच्या प्रयोगशाळेने त्यामागचं मायोडी हे जनुक शोधलं. ते एकटं फायब्रोब्लास्टमध्ये घातलं तरी पेशी स्नायूच्या वाटेला लागते. मुलाखतीत एवढं सगळेच सांगतात. मायोडी सगळ्याच पेशींना सारखं का वळवू शकत नाही, असं विचारलं की निम्मे गप्प बसतात. तिथे बंद क्रोमॅटिन, जनुकं बंद ठेवणारी पॉलिकॉम्ब प्रथिनं आणि हिस्टोनवरचे (डीएनए ज्यांभोवती गुंडाळतो त्या प्रथिनांवरचे) अ‍ॅसिटिल गट काढणारी एचडीएसी विकरं यांवर बोलता आलं पाहिजे.

मेंदूचं काम जास्त चिवट. न्यूरॉनचं विभाजन होत नाही, माणसाच्या मेंदूचा नमुना बहुतेक वेळा मृत्यूनंतरच मिळतो, आणि त्या तुकड्यात न्यूरॉन, ग्लिया (न्यूरॉनना आधार देणाऱ्या पेशी), रक्तवाहिन्यांच्या पेशी असं सगळं एकत्र असतं. सगळं एकदम दळून मिथाइलेशन मोजणं म्हणजे मिसळ मिक्सरमधून काढायची आणि मग मटकीची चव कशी होती ते सांगायचं. म्हणून आधी केंद्रकं वेगळी करतात, न्यू-एन या खुणेवरून न्यूरॉनची बाजूला काढतात आणि मग मोजतात. ज्या प्रयोगशाळेला लिहिशील तिथे पेशी वेगळ्या करणारं सॉर्टर यंत्र हाताशी आहे का, एकेका केंद्रकावर काम चालतं का, हे बिनधास्त विचार. कुणी रागावत नाही.

आणखी एक खाचखळगा आहे. २००९ मध्ये लहान मेंदूतल्या पर्किन्ये न्यूरॉनमध्ये हायड्रॉक्सीमिथाइलसायटोसिन, म्हणजे मिथाइल खुणेचंच एक बदललेलं रूप, भरपूर असल्याचं दिसलं. मिथाइलेशन मोजायच्या नेहमीच्या बायसल्फाइट पद्धतीला ते आणि साधं मिथाइलसायटोसिन वेगळं ओळखता येत नाही. मेंदूवरच्या जुन्या शोधनिबंधांतले आकडे वाचताना हे डोक्यात ठेव.

मिथाइल खुणा असलेल्या डीएनएला चिकटणाऱ्या मेकपी-टू प्रथिनाकडे ओढा असेल तर मात्र माझं ऐकू नकोस, एडिनबरा बघ. १९९२ मध्ये एड्रियन बर्ड यांच्या गटाने ते शोधलं. १९९९ मध्ये त्याच्यातल्या बिघाडाचा रेट सिंड्रोम या मुख्यतः मुलींना होणाऱ्या मेंदूविकाराशी संबंध कळला, आणि २००७ मध्ये बर्ड यांच्याच गटाने उंदरांमध्ये ते जनुक पुन्हा चालू करून लक्षणं मागे फिरवून दाखवली. फक्त ब्रिटनमध्ये परदेशी विद्यार्थ्याचं वाढीव शुल्क कोण भरणार, हे लेखी मिळाल्याशिवाय होकार देऊ नकोस. जर्मनीत पीएच.डी. ही बहुधा नोकरी असते, करार मिळतो. पण जीवशास्त्रात तो अनेकदा पूर्ण पगाराच्या ६५ टक्क्यांचा असतो आणि काम शंभर टक्के. हे इथे कुणालाच खटकत नाही, मला अजून खटकतं.

निघायच्या आधी नाशिकमध्येच दोन कामं उरक. जर्मन भाषेची ए-वन, ए-टू ही सुरुवातीची पातळी कर. प्रयोगशाळेत इंग्रजीवर भागतं, घर शोधताना आणि पालिकेत नाव नोंदवताना नाही. दुसरं, आर ही आकडेमोडीची संगणकभाषा शिक. रोडमॅप एपिजेनॉमिक्स या अमेरिकी प्रकल्पाने २०१५ मध्ये माणसाच्या १११ ऊती आणि पेशींचे एपिजेनेटिक नकाशे प्रसिद्ध केले. स्नायू आणि मेंदू दोन्ही त्यात आहेत आणि माहिती फुकट आहे. रेस्ट नावाचं प्रथिन न्यूरॉन नसलेल्या पेशींत न्यूरॉनची जनुकं दाबून ठेवतं. त्याच्या ताब्यातली जनुकं घे आणि त्यांच्यावरच्या हिस्टोनच्या खुणा स्नायूत काय, मेंदूत काय, हे मांड. दोन्ही ऊती एका प्रश्नात येतात, आणि ईमेलमध्ये 'मला खूप आवड आहे' असं लिहिण्यापेक्षा तो एक आलेख जास्त काम करतो.

थंडीचं विचारलंस. निफाडची पहाट सोसलेल्या माणसाला नोव्हेंबरमधला चार वाजताचा अंधार जास्त जड जातो. उंदरांवर काम करायचं तर त्याचा कोर्स इथे आल्यावर करवून घेतात. आईंना ते कधी सांगायचं, तूच ठरव.

आलेख झाला की पाठव. ईमेलचा मसुदा मग बघू.