अल्बर्ट एक्कांबद्दल वाचलं आणि मुलगा बारावी सोडायला निघाला

ताई, पत्र मिळालं. तुम्ही कामठीच्या. मुलगा बारावी सायन्सला. रोज गार्ड्स रेजिमेंटच्या सेंटरवरून कॉलेजला जातो. लान्सनाईक अल्बर्ट एक्कांबद्दल वाचल्यापासून बारावी अर्धवट टाकून अग्निवीर भरतीला उतरायचं म्हणतो, आणि वडिलांनी त्याच्याशी बोलणं टाकलंय. "त्याच्या डोक्यातून हे कसं काढू?" असं तुम्ही विचारलंय.

काढू नका. फक्त एक्कांची गोष्ट त्याला सुरुवातीपासून वाचायला लावा.

शेवट त्याला पाठच असणार. 3 डिसेंबर 1971 ची रात्र, आगरताळ्यापलीकडे आखौडाजवळचं गंगासागर, भारत-पाक युद्धात 14 गार्ड्स या पलटणीचा हल्ला. एक्का जखमी होऊनही एकामागून एक बंकर साफ करत पुढे गेले. दुमजली इमारतीतून मशीनगन आग ओकत होती. त्यांनी ग्रेनेड टाकला, भिंत चढून आत शिरले आणि संगिनीने ती गन बंद पाडली. त्या जखमांनीच ते गेले. त्या युद्धात पूर्व आघाडीवर मिळालेलं एकमेव परमवीरचक्र त्यांचं.

पण फौजेत ते आले डिसेंबर 1962 मध्ये, आजच्या झारखंडातल्या गुमला भागातून. आधी बिहार रेजिमेंट, आणि 1968 मध्ये 14 गार्ड्स उभी राहिल्यावर तिकडे. त्या रात्रीआधी जवळपास नऊ वर्षांची नोकरी झाली होती! फौजेतली नऊ वर्षं म्हणजे पहाटेची पीटी, पहारा, शस्त्रांची सफाई, बदल्या, मंजूर न होणारी सुट्टी. मुलाला विचारा, ही वर्षं जगायला आवडतील का? 'हो' म्हणाला तर तो खरंच फौजी व्हायच्या लायकीचा. नुसती शेवटची रात्र हवी असेल, तर अजून थांबायला हवं.

आता बारावीचं. अग्निवीर जनरल ड्यूटीला दहावी पुरते, हे त्याचं बरोबर. पण तो रस्ता बारावीनंतरही खुला असतो. अधिकारी घडवणाऱ्या एनडीएला मात्र साडेसोळा ते साडेएकोणीस एवढीच मुदत आणि बारावी लागतेच. अग्निवीरांपैकी चार वर्षांनी साधारण पाव जणच कायम होतात. उरलेल्यांना बाहेर येऊन नवी नोकरी शोधायची असते, तेव्हा हातात बारावी नसेल तर काय? एनडीएच्या लेखी परीक्षेतल्या 900 पैकी 300 गुण गणिताचे असतात, तेव्हा सायन्स फुकट जात नाहीये. पुढे एसएसबीत, म्हणजे अधिकारी निवडीच्या मुलाखतीत, पाठ केलेली देशभक्तीची उत्तरं टिकत नाहीत. दहा जणांत तो कसा वागतो, ते पाच दिवस बघतात. धावायचं असेल तर आजपासून धावू द्या, आपल्याकडच्या उन्हात पहाटेच.

वडिलांची भीती खोटी नाही. एक्कांच्या मागेही पत्नी आणि लहान मुलगा होता. त्यावर माझ्याकडे तोडगा नाही, आणि विम्याचे आकडे सांगून ती मी झाकणार नाही. पण अबोल्याने मुलगा घरात न सांगता फॉर्म भरेल, एवढंच होईल. बापाने ही भीती त्याच्यासमोर बोलून दाखवावी.

आणि हो, छातीवर परमवीरचक्र गोंदवून घ्यायचं म्हणतोय, ते तेवढं आजच थांबवा. कायमचा टॅटू कोपर ते मनगट आतल्या बाजूला किंवा तळहाताच्या मागे असेल तरच चालतो. छातीवर असला, तर मेडिकलमध्येच परत पाठवतील.