गणपतीच्या शाळेतला वायगॉट्स्की

प्रश्न : मी कुडाळजवळच्या गावात राहते. ए.टी.डी. (कलाशिक्षक पदविका) करते आहे. काकांच्या गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवायच्या जागी, लहानपणापासून काम केल्यामुळे हात चांगला आहे. पण मूल कसं शिकतं ते सांगणारे पियाजे, वायगॉट्स्की वगैरे मानसशास्त्रज्ञ डोक्यावरून जातात. चित्रकला शिकवायला हे खरंच लागतं का?

उत्तर : नुसतं पाठ करणार असशील तर काही उपयोग नाही. पण मला सांग, काकांनी पहिल्याच वर्षी तुझ्याकडे गणपतीचे डोळे रेखायला दिले होते का? आधी माती मळायला दिली असेल, मग साच्यात दाबायला, मग कधीतरी उंदीर रंगवायला. अडलीस तिथे हात धरला असेल आणि जमायला लागल्यावर सोडला असेल. मुलाला एकट्याने जमत नाही, पण जाणत्याच्या मदतीने जमतं, शिकवणं तिथे कामी येतं, हे वायगॉट्स्कीचं म्हणणं. पुढे १९७६ मध्ये वुड, ब्रुनर आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांनी अशा मदतीला परांचीची उपमा दिली. भिंत उभी राहिली की परांची काढायची. बरेच शिक्षक ती काढायलाच विसरतात.

मात्र काकांची रीत वर्गात जशीच्या तशी नेऊ नकोस. गणपती साच्याबरहुकूमच उतरावा लागतो; मुलाचं चित्र तसं नसतं. दुसरी-तिसरीतलं पोर खाली जमिनीची रेघ मारतं, वर आकाशाची पट्टी ओढतं, आणि होडीच्या फळीआडची माणसंही दाखवतं. कलाशिक्षणतज्ज्ञ लोवेनफेल्डने १९४७ मध्ये मुलांच्या चित्रांचे टप्पे मांडले, त्यात हे सगळं त्या वयाचंच मानलं आहे. तिथे लाल पेन चालवू नकोस. वयाच्या नऊच्या पुढे मुलालाच आपलं चित्र 'खऱ्यासारखं' नाही म्हणून टोचू लागतं. पुष्कळ मुलं तेव्हाच चित्रकला सोडतात असा माझा अनुभव आहे. यथार्थदर्शन, म्हणजे जवळचं मोठं आणि लांबचं लहान दाखवणं, तेव्हा शिकव.

बक्षिसांचंही जपून. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी चित्रं काढायची आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांना आधी सांगून प्रशस्तिपत्रकं दिली. काही दिवसांनी ती मुलं मोकळ्या वेळात आधीपेक्षा कमी चित्रं काढू लागली. एलिमेंट्री-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांची ग्रेड आणि दहावीचे वाढीव गुण पालकांना हवेच असतात, ती तयारी करून घे. पण वर्षभराचा वर्ग त्यासाठीच राबवू नकोस. रोज समुद्रात सूर्य बुडताना पाहणारी आमची मुलं कागदावर मात्र दोन त्रिकोणी डोंगरांमधूनच तो उगवताना काढतात, कारण त्यालाच 'छान' मिळतं!

नोकरीचं खरं सांगायचं तर जागा कमी आणि उमेदवार जास्त. मुलाखतीत 'पाचवीला काय शिकवाल?' असं विचारलं तर 'निसर्गचित्र' एवढ्यावर थांबू नकोस. का आणि कसं, ते सांग. तयारी म्हणून येत्या रविवारी शेजारची पाच-सहा पोरं बसव, त्यांना आठवडी बाजार काढायला सांग आणि तासभर कुणाच्याही कागदाला हात लावू नकोस. कागदांवर वयं लिहून ठेव. मग पुस्तकातलं टप्प्यांचं पान उघड.