स्तनाचा आकार लहान असल्यास बाळाला दूध कमी पडते का?

नाही, कारण आकार मुख्यतः चरबीवर ठरतो, तर दूध ग्रंथींमध्ये तयार होते. प्रत्येक स्तनात साधारण १५ ते २० खंड असतात. त्यांच्यातील सूक्ष्म कूपिका, म्हणजे दूध तयार करणाऱ्या बारीक पिशव्या, द्राक्षाच्या घडातील मण्यांसारख्या लगडलेल्या असतात (नाशिककरांना ही उपमा फोड करून सांगायला नकोच) आणि त्यांत स्रवलेले दूध देठांसारख्या नलिकांमधून स्तनाग्राकडे येते. बाळ चोखू लागले की प्रोलॅक्टिन या संप्रेरकामुळे (हार्मोनमुळे) दूध तयार होते, तर ऑक्सिटोसिन या दुसऱ्या संप्रेरकामुळे कूपिकांभोवतीच्या पेशी आकुंचन पावून ते पुढे ढकलले जाते. म्हणून पंचवटीतल्या आजीबाईंचे आळिवाचे लाडू बाळंतिणीने आनंदाने खावेत, परंतु माझ्या मते खरा भर बाळाला वारंवार आणि नीट पाजण्यावर असावा.

स्तन छातीच्या मोठ्या स्नायूवर, सुमारे दुसऱ्या ते सहाव्या बरगडीदरम्यान असतो. त्याचा एक भाग काखेपर्यंत पसरलेला असल्यामुळे प्रसूतीनंतर दूध उतरताना तेथेही फुगवटा जाणवू शकतो. मात्र गाठ टिकून राहिल्यास डॉक्टरांकडून अवश्य तपासून घ्यावी, कारण स्तनातील बहुतांश लसिका (ऊतींमधून निघणारा पातळ द्रव) काखेतील लसिकाग्रंथींकडेच वाहून जाते आणि त्यामुळे स्तनातील आजाराची खूण काखेतही दिसू शकते.