पोराची एनर्जी, गंगापूर धरण आणि दुतोंड्या मारुती

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगा ८ वर्षांचा आहे, ऑटिझम आणि एडीएचडी (लक्ष टिकत नाही, अंगात सतत चळवळ) दोन्ही आहे, शाळेतून सांगतात "एकदम शांत असतो, काही त्रास नाही" आणि घरात पाऊल टाकलं की दप्तर भिरकावतो, बहिणीवर ओरडतो, "दमलास का रे" विचारलं तर म्हणतो नाही. मग त्याला त्याची एनर्जी ओळखायला आणि सांभाळायला शिकवायचं कसं. मी काही डॉक्टर नाही, नाशिकला अंबडच्या कंपनीत शिफ्ट करतो, पण आमचा मुलगा आता १३ चा आहे, सहाव्या वर्षी निदान झालं, आणि तुमचा प्रश्न वाचून मला आमचंच घर दिसलं म्हणून जरा लांबलचक लिहितोय.

आधी हे की तो "नाही" म्हणतो तेव्हा खोटं बोलत नसतो. आमच्या ओटी मॅडमनी (ऑक्युपेशनल थेरपिस्ट) सांगितलं तेव्हा कळलं, भूक लागली, लघवीला आली, छाती धडधडतेय, अंगात त्राण नाही, या आतल्या खुणा कळणं ही पण एक संवेदनाच आहे, तिला इंटरोसेप्शन म्हणतात, आणि आपल्या अशा बऱ्याच मुलांना ती एकतर फार पुसट कळते नाहीतर एकदम अंगावर येते. आमचा पोरगा मे महिन्यात फुल बाह्यांचा स्वेटर घालून घामाघूम बसायचा आणि गरम होतंय का विचारलं की "माहीत नाही". आणि शाळेतला तो "शांतपणा" फुकट मिळत नाही. हात हलवावेसे वाटले तर दाबायचे, घंटा झाली तरी कानावर हात ठेवायचे नाहीत, मुलं हसली की आपणही हसायचं. याला मास्किंग म्हणतात. दिवसभर ते करून आलेलं पोर घरीच फुटणार, कारण घरी फुटलं तर चालतं एवढं त्याला ठाऊक असतं. आम्ही दोन वर्षं याला लाडावलेपणा समजत होतो, आता आठवलं की वाईट वाटतं.

तर त्याला समजवायला आम्ही पहिल्यांदा चमच्यांचा प्रकार केला. नेटवर खूप ठिकाणी दिसेल तुम्हाला. क्रिस्टीन मिझरँडिनो नावाची अमेरिकन बाई, तिला ल्युपस हा आजार, तिने २००३ मध्ये लिहिलं होतं की मैत्रिणीला हातात १२ चमचे देऊन कसं समजावलं, आंघोळ केली एक चमचा गेला, कपडे घातले अजून एक गेला, असं. मोठ्यांना पटकन कळतं. आमच्या चिरंजिवांनी स्वयंपाकघरात जाऊन चमचे मोजले आणि सांगितलं, "पप्पा, सगळे आहेत, एकही गेला नाही." विषय संपला.

मग मोबाईलची बॅटरी. ती पण नाही चालली, कारण मोबाईल चार्जिंगला लावला की चढतोच, आणि माणूस काही तसा चढत नाही, कधी आठ तास झोपूनही पोरगा सकाळी वीस टक्क्यांवर असायचा आणि मग तो म्हणायचा चार्जर खराब आहे.

जमलं ते पेपरमुळे. त्याला आकड्यांचं वेड. पावसाळ्यात आपल्याकडे पेपरात रोज धरणसाठा येतो ना, गंगापूर इतके टक्के, दारणा इतके, ते तो वहीत उतरवायचा, गंगापूरची क्षमता ५६३० दलघफू (दशलक्ष घनफूट) हे त्याला स्वतःच्या वाढदिवसाआधी पाठ. एक दिवस बायको सहज म्हणाली, "तुझा साठा किती आज?" आणि तो थांबला, विचार केला आणि म्हणाला "चाळीस." सात वर्षांत पहिल्यांदा त्याने स्वतःबद्दल असं काहीतरी सांगितलं होतं. आम्ही दोघं एकमेकांकडे बघतच राहिलो.

आकडा बरोबर होता का? सुरुवातीला मुळीच नाही. तो चाळीस म्हणायचा आणि दहा मिनिटांत जमिनीवर लोळायचा. पण आम्ही दुरुस्त केलं नाही, फक्त मोठ्याने आमचेही आकडे सांगायला लागलो. "नाईट करून आलोय, मी पंधरावर आहे, डोळे चुरचुरतायत, आवाज नको वाटतोय." ही शरीरातली खूण जोडून सांगायची बरं का, नुसता आकडा नाही, त्यातूनच तो शिकला की चुरचुरणं म्हणजे कमी साठा.

मग त्यानेच चूक काढली. म्हणाला पप्पा धरण शंभर टक्के झालं तर चांगलं नसतं, पाणी सोडावं लागतं. आणि खरंच, एडीएचडीवाली बाजू तीच आहे, एनर्जी कमी हा एकच प्रॉब्लेम नसतो, कधी कधी भरून वाहत असतो आणि तेव्हा "शांत बस" म्हणणं म्हणजे दरवाजे बंद ठेवून पावसाकडे बघत बसणं. तेव्हा विसर्ग. गच्चीवर उड्या, सायकल, पाण्याची कळशी उचलून दे, कणीक मळ, भिंतीला जोर लावून ढकल. हे जड काम अंगाला शांत करतं, ओटीवाले हेच सांगतात. आणि धरणवाले पण काठोकाठ भरेपर्यंत वाट बघत नाहीत, पाऊस चालू असेल तर आधीच थोडं थोडं सोडतात. आम्ही अभ्यासाच्या आधीच वीस मिनिटं सोडायला लागलो.

तरी एक गोष्ट यात बसत नव्हती. कधी साठा सत्तर सांगायचा आणि तरी लग्नात, मेनरोडच्या गर्दीत एकदम कोसळायचा. मग लक्षात आलं की दमणं वेगळं आणि बाहेरून अंगावर येणं वेगळं. दोन्हीला एकच मीटर लावला की गोंधळ होतो, आणि माझ्या मते बहुतेक लोक इथेच चुकतात. तुम्ही नाशिकच्या नसाल तर सांगतो, गोदाघाटावर दुतोंड्या मारुतीची मोठी मूर्ती आहे आणि पूर आला की आख्खं नाशिक एकमेकांना विचारतं, पाणी कुठपर्यंत आलं? गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत, गळ्यापर्यंत. सरकारी आकडा कोणी विचारत नाही, मारुतीचं विचारतात. तोच आमचा दुसरा मीटर. आवाज, वास, गर्दी, अचानक बदललेला प्लॅन, हे सगळं पुराचं पाणी. गुडघ्याला असेल तर चालतंय, कमरेला आलं की निघायची तयारी, छातीला आलं की बोलायचं नाही, हात धरून बाहेर. गळ्यापर्यंत गेलं की त्याला बोलताच येत नाही, तेव्हा प्रश्न विचारणं बंद.

आता माझी चूक, ही नीट वाचा. गंगापूर रोडला एका लॉन्सवर नात्यातलं लग्न होतं, डीजे चालू, वर ढोल. त्याने येऊन माझा शर्ट ओढला आणि सांगितलं, "कमरेला." स्पष्ट शब्दात. आणि मी म्हणालो पाच मिनिटं थांब, पंगत बसतेय, मामांना वाईट वाटेल. पाच मिनिटांची पंधरा झाली. मग जे झालं ते सगळ्या वऱ्हाडाने बघितलं, ते सोडा, पण त्यानंतर दोन महिने त्याने ना साठा सांगितला ना मारुती. विचारलं की खांदे उडवायचा. त्याच्या बाजूने बघा ना, पूर आलाय म्हणून सांगूनही कोणी हलत नसेल तर सांगायचं कशाला? पोराने आकडा सांगितला की त्याच मिनिटाला मोठ्यांनी काहीतरी करायला हवं, निदान बाहेर व्हरांड्यात तरी. शिकवायचं काम त्याच्यापेक्षा आपलं जास्त निघतं. मी माफी मागितली, मग पुढच्या तीन कार्यक्रमांना तो "गुडघा" म्हणाला तरी उठलो, उपाशी आलो एकदा, तेव्हा कुठे परत सुरू झालं.

कशाने साठा घटतो ते त्यालाच विचारा, आपले अंदाज चुकतात. आम्हाला वाटायचं गणित. निघालं व्हॅनचा हॉर्न, कॉलरचं लेबल, आणि डबा कोणाशेजारी बसून खायचा हे रोज ठरवणं. आणि भरतं कशाने? टीव्हीने त्याचं भरत नाही, टीव्ही बघून उठला की अजून चिडचिडा. पंख्याखाली अंधारात पालथं पडून भडंग खाणं, याने भरतं. शाळेतून आल्यावर पाऊण तास आमच्याकडे कोणी काही विचारत नाही, "आज काय केलं शाळेत" तर अजिबात नाही. शेजारच्यांची मुलगी, फक्त एडीएचडी, तिचं उलटं आहे, गुपचूप पडून राहिली की तिचा जीव जातो आणि नाच केला की ताजी. म्हणून दुसऱ्याची यादी उचलू नका, माझी पण नाही.

आईला, म्हणजे त्याच्या आजीला, हे सगळं थोतांड वाटायचं. आमच्या वेळी नव्हतं असलं काही. हल्ली तीच दारातून विचारते, "काय रे, मारुती कुठंय?"

एक सावधगिरी, अचानक आठवडेच्या आठवडे गळून गेला, येणाऱ्या गोष्टी पण येईनाशा झाल्या, तर हे मीटर बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. रक्त कमी असणं, झोप नीट नसणं, बद्धकोष्ठता हे पण निघतं, आणि ऑटिस्टिक बर्नआउट (खूप दिवस ओढून नेल्यावर पार गळून जाणं) पण असू शकतो, त्याला शिकवणी नाही, शाळा आणि क्लासचं ओझं कमी करायला लागतं.

शाळेला सांगायचं का विचारलंत. सांगा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात ऑटिझम आहे (एडीएचडी वेगळा नाहीये, म्हणून कागद ऑटिझमचा पुढे करा), तेव्हा मेहरबानी मागतोय असं वाटून घेऊ नका. आधीच्या एका शाळेत आम्हाला "सगळ्यांना सारखं" हे ऐकवलं होतं. आत्ताच्या शाळेत वर्गशिक्षिकेने ऐकून घेतलं. चौथीत कंपासपेटीत मारुतीचं चित्र असलेलं कार्ड होतं, ते बाकावर ठेवलं की पाणी भरायला जायची परवानगी. आता आठवीत त्याला त्या कार्डची लाज वाटते, मुलं विचारतात. म्हणून त्याने स्वतःच बदललं, पाण्याची बाटली बाकावर आडवी ठेवतो, मॅडम बघतात आणि काही न बोलता मान हलवतात, तो उठून जातो, बाटली भरलेली असली तरी.